चौथा कोपरा

म्हाताऱ्या मुकादमाला चार ऐकू आले आणि आले होते तीनच. एवढ्यावरून त्यानं काम सोडलं.

खाणीत दगडाची लादी थरातून सुटी झाली की चौघांनी चार कोपरे धरून ती गाड्यावर चढवायची, ही रोजची मेहनत. मुकादम लादीला हात लावत नाही. चौघांचे आठही पाय दिसतील अशा जागी तो उभा राहतो आणि एकेका कोपऱ्याला विचारतो. "पहिला?" की पहिल्या कोपऱ्याचा माणूस म्हणतो, "धरलं." "दुसरा?" "धरलं." असे चार 'धरलं' कानांवर पडले की मग मोठी हाक, "चला, वर!" चार आल्याशिवाय हाक नाही. ऑफिसच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत नियम पुष्कळ लावलेले होते, पण खाणीत उतरणाऱ्या सगळ्यांनी पाळलेला नियम हा एकच.

त्या दिवशी तिसऱ्या कोपऱ्यावरचा चष्मेवाला घामानं धुरकटलेला चष्मा बाहीला पुसत होता. त्यानं काही म्हटलंच नव्हतं. म्हाताऱ्यानं हाक दिली, तिघांनी उचललं, लादी कलंडली आणि तिचा एक कोपरा फुटला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. चष्मेवाला हसला, रेडिओ नावाचा गडी, ज्याचं तोंड दिवसभर बंद होत नसे म्हणून हे नाव पडलेलं, तोही हसला. म्हातारा मात्र दगडावर बसला, डोक्याचं फडकं सोडून मांडीवर ठेवलं आणि म्हणाला, "मला चार ऐकू आले." मग तो चढ चढून ऑफिसात गेला आणि कान गेलेत म्हणून सांगून मोकळा झाला. साहेबांनी विचारलं, तुझ्या जागी कोण? त्यानं धाकट्याचं नाव सांगितलं.

टोळीत दोघं भाऊ होते. थोरला चौथ्या कोपऱ्यावर. उताराच्या बाजूचा हा कोपरा, लादीचं निम्मं वजन तिथेच येतं. अठरा वर्षं तो कोपरा थोरल्याचा होता. धाकटा पहारीवर, म्हणजे लादीखाली पहार घालून ती थरातून सोडवायची. अंगानं किडकिडीत, आवाजानं मऊ. मुकादमकी थोरल्याला मिळणार हे टोळीनं धरूनच ठेवलं होतं आणि थोरल्यानंही. घरी त्याची बायको, जी याच टोळीत दगडाच्या कपच्या पाटीनं वर वाहायची, ती एकदा म्हणालीही होती की मुकादम झालात की निदान पाठीला आराम पडेल. म्हणून धाकट्याचं नाव खाली आलं तेव्हा रेडिओ म्हणाला की कानामागून आला आणि तिखट झाला.

धाकटा संध्याकाळी म्हाताऱ्याच्या घरी गेला. मला हे नको, दादाला द्या, असं सांगायला. म्हातारा उघड्यावर खाट टाकून बसला होता. धाकट्याला प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं.

"तुझा भाऊ हाक देईल," म्हातारा म्हणाला. "सगळी खाण दणाणेल अशी देईल. पण उत्तर ऐकायला थांबणार नाही. त्याला वाटतं, आपण धरलं म्हणजे सगळ्यांनी धरलं. तू थांबतोस."

मग त्यानं दोन गोष्टी शिकवल्या. लादीकडे बघायचं नाही, पायांकडे बघायचं. पाय रोवले की माणूस तयार. पण पाय कळतात, हात कळत नाहीत. लादीखालचा हात मुकादमाला कधीच दिसत नाही. म्हणून तोंडानं म्हणू द्यायचं. मुकादमाचं काम घशाचं नाही, कानाचं आहे, असं म्हणून त्यानं आपल्या बहिऱ्या कानावर बोट आपटलं. धाकटा परत निघाला तेव्हा आपला नकार पुन्हा सांगायचं राहूनच गेलं होतं.

घर दोन खोल्यांचं. आई, थोरला, वहिनी, त्यांच्या दोन मुली, धाकटा आणि त्याची बायको. त्या रात्रीच्या जेवणाला थोरला हातपाय धुऊन बसला आणि वहिनीला म्हणाला, "आधी मुकादमांना वाढा." सगळे हसले. धाकटाही हसला. "घ्या ना मुकादम, लाजू नका," थोरला म्हणाला. आई म्हणाली, पुरे झाली थट्टा.

ती थट्टा नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी वाटेवर, डबा घेताना, खाणीच्या काठावर, थोरला धाकट्याला 'तुम्ही'च म्हणू लागला. बसा. या. सांगा. ज्या तोंडानं चाळीस वर्षं 'ए' आणि 'तू' म्हटलं, शिव्या दिल्या, नदीत पोहायला शिकवताना 'हात मार गाढवा' म्हणून ओरडलं, त्याच तोंडून आता अहो-जाहो येत होतं आणि प्रत्येक 'तुम्ही' धाकट्याला चापटीसारखा लागत होता. दोघं कामाला निघाले की वाटेवर थोरला पुढे, धाकटा मागे, हे लहानपणापासूनचं. आता काठावर आलं की थोरला बाजूला व्हायचा आणि हात पुढे करून म्हणायचा, "उतरा." मग धाकट्यानं पुढे उतरायचं.

वर्षही वाईट लागलं होतं. वरचा पातळ थर संपला होता. खालचा जाड, त्याची एकेक लादी दीडपट जड. उचलायचं यंत्र ऑफिसनं मोठ्या खाणीवर नेलं होतं, चार दिवसांत परत आणतो म्हणाले त्याला तीन महिने झाले. आणि तळातून पाणी झिरपायला लागलं होतं. रोज सकाळी घोटाभर तरी साचलेलं असायचं, पंप लावून उपसायचं आणि दुपारी पुन्हा पाय ओले. कापून ठेवलेल्या सगळ्या लाद्या पाणी चढायच्या आत वर काढा, असा साहेबांचा निरोप होता. माणसं दिवसभर वाकलेली असायची आणि संध्याकाळी सरळ होताना कमरेवर हात ठेवून थोडा वेळ तशीच उभी राहायची.

मुकादम झाल्यावर आठव्या दिवशी धाकट्याला ऑफिसच्या शिबिराला पाठवलं. नव्या मुकादमांना माणसं कशी सांभाळायची ते शिकवणार होते. पंख्याखाली खुर्च्या मांडलेल्या, प्रत्येकाला एक वही आणि पेन. शिकवणाऱ्या साहेबांचे बूट इतके स्वच्छ होते की धाकट्यानं आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले. साहेब बोलत होते चांगलं. पुढारी जन्माला येत नाही, घडवावा लागतो. माणसाला नावानं हाक मारा. मग त्यांनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं आणि सगळ्यांकडून म्हणून घेतलं: कौतुक चारचौघांत, कानउघाडणी एकांतात. धाकट्यानं ते वहीत उतरवून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. त्याला वाटलं, हे आपल्याला जमेल.

दुसऱ्या दिवशी थोरल्यानं त्या हंगामातली सगळ्यात जड लादी गुडघ्यावर तोलून धरली. पहिल्या कोपऱ्यावरच्या फेंगड्याचा पाय पाण्यात घसरला होता, थोरल्यानं धरली नसती तर त्याच्या नडगीवर आली असती. लादी गाड्यावर चढल्यावर धाकटा मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शाब्बास. असं काम पाहिजे."

थोरला हात चोळत उभा होता. त्यानं धाकट्याकडे बघितलं नाही. "बैलाला थोपटतात ना, तसं झालं," असं म्हणून तो पाणी प्यायला गेला. रेडिओ खो-खो हसला आणि कुणी साथ दिली नाही म्हणून थांबला. धाकट्याचे कान गरम झाले. आपण चुकलो हे त्याला कळलं, नेमकं कुठे चुकलो ते कळलं नाही. फळ्यावर लिहिणाऱ्या साहेबांना थोरला भाऊ नसावा.

त्या दुपारपासून चौथा कोपरा बोलेना.

"पहिला?" "धरलं." "दुसरा?" "धरलं." "तिसरा?" "धरलं." "चौथा?" काही नाही. थोरला वाकलेला, पाय रोवलेले, हात लादीला लावलेले, सगळं जसं हवं तसं, फक्त तोंड मिटलेलं. नजर समोरच्या दगडावर. धाकट्यानं पुन्हा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिघं तसेच वाकून होते. रेडिओ कण्हला, "अरे काय ते करा, कंबर मोडली." धाकट्यानं विचार केला, दिसतंय ना, धरलंय त्यानं. आणि हाक दिली. लादी उठली, काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. प्रत्येक लादीला "चौथा?" विचारायचं, मग ती शांतता, त्या शांततेत टोळीचे सगळे आपल्या तोंडाकडे बघतायत हे जाणवायचं, आणि मग जणू उत्तर आलंच असं दाखवून हाक द्यायची. दिवसाला चौदा-पंधरा लाद्या, म्हणजे चौदा-पंधरा वेळा सगळ्यांदेखत नाक कापलं जायचं. पाचव्या दिवशी धाकट्यानं त्यावर आपल्यापुरता तोडगा काढला. त्यानं चौथ्याला विचारणंच बंद केलं. तिघांना विचारायचं, चौथ्यापुरता एक श्वास थांबायचं आणि हाक द्यायची. सुंठीवाचून खोकला गेला असं त्याला वाटलं. टोळीलाही दोन दिवसांत सवय झाली.

एका बाईला झाली नाही. वहिनी कपच्यांची पाटी डोक्यावर घेऊन चढत असताना पाठीमागचं सगळं तिच्या कानांवर यायचं. ती उंबऱ्याशी पाण्याच्या कळश्या उतरवत होती तेव्हा धाकट्याला म्हणाली, "भाऊजी, तिघांनाच विचारता हल्ली."

"दादाला काय विचारायचं," धाकटा म्हणाला. "अठरा वर्षं धरतोय तो."

"त्यांना विचारा म्हणत नाही मी. चौथ्याला विचारा म्हणते."

टोळीत दुसऱ्या कुणाशी ती हे बोलली नसती. पण नवऱ्याला ती हे बोलली असणार आणि तिथेही तिला उत्तर मिळालं नसणार, हे धाकट्याच्या लक्षात आलं. वहीतल्या त्या दोन रेघा त्याला आठवल्या. कानउघाडणी एकांतात. ठीक आहे, एकांतात बोलू.

पण एकांत आणायचा कुठून? घरात सात माणसं, भिंत एक. आणि एकांत मिळाला तरी तिथे थोरला थोरला होता आणि धाकटा धाकटा. खाणीत तरी मुकादम नावाचा काहीतरी आडोसा होता; घरात तोही नव्हता. तरी एके सकाळी त्यानं मुद्दाम बायकांना पुढे जाऊ दिलं आणि वाटेवर थोरल्याला गाठलं. थोरला थांबला.

"बोला," तो म्हणाला.

धाकट्याच्या मनात सगळं वाक्य तयार होतं. दादा, घरी मला हव्या तितक्या शिव्या दे, पण खाली चौथा बोलला पाहिजे. त्यानं भावाकडे पाहिलं. कानाजवळचे केस पांढरे झालेले, मानेवर दगडाची पांढरी धूळ घामानं कायमची बसलेली. वडील गेल्यावर याच माणसानं शाळा सोडून पहिल्यांदा खाणीत पाय ठेवला होता, धाकटा आणखी दोन वर्षं शाळेत जावा म्हणून.

"पहारीचं टोक बोथट झालंय," धाकटा म्हणाला. "लोहाराकडे द्यायला हवी."

"द्या की मग," थोरला म्हणाला. "त्यात मला काय विचारायचं? मुकादम तुम्ही." आणि चालू लागला. ताकाला जाऊन भांडं लपवायची धाकट्याची खोड जुनीच होती, पण इतकी महाग ती पूर्वी कधी पडली नव्हती.

त्यानंतर तीन आठवड्यांनी ते झालं. दुपारची वेळ होती, ऊन सरळ खाणीत उतरलेलं, पायाखाली कोमट पाणी. लादी थरातून सोडवून एका लाकडी ठोकळ्यावर टेकवलेली होती. चौघं वाकले. धाकट्यानं आठ पाय बघितले. आठही रोवलेले होते. "पहिला?" "धरलं." "दुसरा?" "धरलं." "तिसरा?" "धरलं." एक श्वास.

"चला, वर!"

थोरल्याच्या बाजूचा ठोकळा कपचीवर बसून तिरका झाला होता. तो सरळ करायला त्यानं उजवा हात लादीखाली घातला होता. तिघांनी उचललं, ठोकळा निसटला आणि सगळं वजन उताराकडे, चौथ्या कोपऱ्यावर आलं.

थोरला ओरडला नाही. "ए," एवढंच म्हणाला, कुणाला तरी वाटेतून बाजूला हो म्हणावं तसं. मग तो त्या लादीशेजारी पाण्यात गुडघ्यावर बसला. पहारी घालून लादी वर करेपर्यंत किती वेळ गेला कुणास ठाऊक. रेडिओ त्या सगळ्या वेळात एक शब्द बोलला नाही. हात निघाला तेव्हा वहिनीनं पाटी टाकून आपला पदर फाडला आणि तो हात त्यात गुंडाळला. धाकट्याला तिनं हात लावू दिला नाही. लावू दिला नाही म्हणजे ढकललं वगैरे नाही, फक्त त्याच्या आणि नवऱ्याच्या मधे ती बसली.

दवाखान्यात मधली तीन बोटं काढली. अंगठा आणि करंगळी राहिली. डॉक्टर म्हणाले, नशीब मनगट वाचलं. धाकटा दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून होता. बायको डबा आणायची, तो तसाच परत जायचा. आई एकदाच आली. तिनं थोरल्याच्या कपाळावर हात ठेवला, मग बाहेर येऊन धाकट्याच्याही कपाळावर ठेवला.

तिसऱ्या दिवशी ऑफिसचे साहेब छापील कागद घेऊन आले. माणूस वाईट नव्हता. खाटेशेजारी स्टुलावर बसून त्यांनी आधी सगळं नीट समजावून सांगितलं. हाक चुकली असेल तर ती मुकादमाची चूक. मग मुकादम उतरवला जाईल आणि जखमी माणसाला ऑफिस बसून करायचं काम देईल, फाटकावर जागा आहे. पण माणसानं स्वतःच नीट धरलं नसेल तर ती त्याची चूक. मग हजेरीतून नाव कमी, ऑफिसचा संबंध संपला. असं सांगून त्यांनी पेन उघडलं.

"हाक देण्याआधी चौथ्या कोपऱ्याला विचारलं होतं?"

"विचारलं होतं," थोरला म्हणाला.

"तुम्ही उत्तर दिलं?"

"धरलं म्हणालो. मग हात निसटला माझा."

साहेबांनी मान वळवली. "मुकादम, असंच झालं ना?"

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. थोरला त्याच्याकडे बघत होता, पहिल्यांदा, तीन आठवड्यांत पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत. एक श्वास गेला, दुसरा गेला.

"गप्प म्हणजे हो, असं धरतो मी," साहेब म्हणाले आणि त्यांनी लिहून टाकलं.

ते गेल्यावर थोरल्यानं उशीवर डोकं टेकलं. "दोघंही बसलो तर घर कुणी चालवायचं?" तो म्हणाला. "माझा हात गेलाच आहे. तुझी मुकादमकी राहू दे. तू आता तोंड उघडायचं नाहीस. कळलं का तुला?"

तू. तुझी. तुला. दीड महिन्यानं ते शब्द आले आणि धाकट्याला, त्या औषधाच्या वासात, भावाच्या त्या गुंडाळलेल्या हाताशेजारी उभं असताना, क्षणभर बरं वाटलं. बरं वाटलं याची त्याला नंतर आयुष्यभर लाज वाटणार होती. तो "हो दादा" म्हणाला.

दहा दिवसांनी धाकटा खाणीत उतरला. वहिनीही आली, येणं भागच होतं. थोरल्याच्या जागी पहारीवरचा एक गडी घेतला होता. पाणी आता पोटरीपर्यंत आलेलं. टोळी कामाला लागली, कुणी वाकडं बोललं नाही. काय घडलं ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि काय लिहिलं गेलं तेही. रेडिओनं फक्त पाण्यात थुंकून दुसरीकडे तोंड केलं.

पहिली लादी. धाकट्यानं पाय बघितले. "पहिला?" "धरलं." "दुसरा?" "धरलं." "तिसरा?" "धरलं." "चौथा?" त्यानं हे इतक्या मोठ्यानं विचारलं की त्याचं त्यालाच दचकायला झालं. "धरलं," नवा गडी म्हणाला.

वहिनी पाटी डोक्यावर घेऊन चढणीच्या पहिल्याच पायरीवर थांबली होती. ती वळली नाही. डोक्यावर ओझं असलं की माणसाला वळता येत नाही.

"आता चौघांना विचारता, भाऊजी," ती म्हणाली.

आणि चढून गेली. धाकट्याच्या तोंडात हाक तयार होती, ती तिथेच राहिली. चौघं वाकलेले. पाण्यावर डास घोंगावत होते. शेवटी फेंगड्या म्हणाला, मुकादम, उचलायचं का ठेवायचं? धाकटा म्हणाला, "ठेवा. हात काढा सगळ्यांनी." सगळ्यांनी हात काढलेले नीट बघून मगच तो चढ चढायला लागला. ऑफिसपर्यंतची वाट पाव कोसाची. त्या वाटेवर त्याला सारखं एकच वाटत होतं, की आपण दादाचं ऐकत नाही आहोत. उभ्या जन्मात पहिल्यांदा.

साहेबांना आधी समजेचना. त्यानं दोनदा सांगितलं. "चौथ्याला मी विचारलंच नव्हतं. महिनाभर विचारत नव्हतो. दादा धरलं म्हणालाच नाही, कारण मी त्याला विचारलंच नाही."

साहेब वैतागले. कागद वर गेला होता, आता पुन्हा सगळं लिहायचं. इतके दिवस काय मूग गिळून बसला होतास, त्यांनी विचारलं. धाकट्याकडे त्याचं उत्तर होतं, पण ते कागदावर बसण्यासारखं नव्हतं. त्यांनी नवा कागद काढला, विचारून विचारून लिहिलं, अंगठ्याऐवजी त्याची सही घेतली. मुकादमकी त्याच क्षणी गेली. निघताना साहेब म्हणाले, शिबिरातली ती वही परत दे, दुसऱ्याला कामी येईल. धाकट्यानं दुसऱ्या दिवशी ती आणून दिली. एकच पान वापरलेलं होतं.

घरी थोरला दाराशी बसला होता, हात गळ्यात अडकवलेला. त्याला आधीच कळलं होतं. अशा बातम्या माणसाच्या आधी घरी पोचतात. धाकटा समोर उभा राहिला. शिव्या येतील, डाव्या हाताची एक थोबाडीत बसेल, असं त्याला वाटत होतं, नव्हे तशी आशा होती.

थोरल्यानं गळ्यातली पट्टी डाव्या हातानं सारखी केली.

"बरं केलंत," तो म्हणाला, आणि उठून आत गेला.

त्या 'केलंत'मधला त धाकट्याला पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला. थोरल्याला फाटकावर बसायची जागा मिळाली. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांसाठी दांडा डाव्या हातानं वर करायचा, खाली करायचा. सकाळी धाकटा फाटकातून आत जायचा तेव्हा तो दांडा उचलायचा आणि दुसरीकडे बघायचा. माणसाला आत जायला दांडा उचलावा लागत नाही, बाजूनं वाट असते. तरी तो उचलायचा.

मुकादमकी घ्यायला टोळीत कुणी पुढे होईना. फेंगड्या नको म्हणाला, चष्मेवाला नको म्हणाला, रेडिओला कुणी विचारलं नाही. शेवटी साहेबांनी म्हाताऱ्याकडे माणूस पाठवला. म्हाताऱ्यानं वहिनीचं नाव सांगितलं. ती मोजते, एवढंच त्यानं कारण दिलं. दुसरं कुणी मिळेपर्यंत म्हणून साहेबांनी मान डोलावली. टोळी एक दिवस हसली. मग तेही संपलं.

पहिल्या सकाळी वहिनी म्हाताऱ्याच्या जागी उभी राहिली, पदर कमरेला खोचून, पोटरीभर पाण्यात. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता, ना राग, ना काही. धाकटा चौथ्या कोपऱ्यावर वाकला. उताराकडचं सगळं वजन हातांत यायच्या आधीच खांद्यात भरलं. अठरा वर्षं, त्याच्या मनात आलं.

"पहिला?"

"धरलं."

"दुसरा?"

"धरलं."

"तिसरा?"

"धरलं."

"चौथा?"

धाकट्यानं काहीतरी म्हटलं, ते त्याच्या ओठांशीच राहिलं. तिघं वाकलेले. रेडिओ कण्हला. धाकट्यानं हाकेची वाट बघितली. हाक आली नाही. वहिनी त्याच्या पायांकडे बघत होती.

"चौथा, ऐकू आलं नाही," ती म्हणाली.

आवाजात काही नव्हतं. ना टोमणा, ना आदर, ना भाऊजी. दुकानात दुकानदार म्हणतो तसं. एवढंच म्हणायचं होतं. कौतुक नाही, कानउघाडणी नाही, एकांत नाही. चारच शब्द, आणि ते त्याला एक महिना तोंडातून काढता आले नव्हते. त्या चार शब्दांची तीन बोटं झाली.

"धरलं," तो ओरडला, वर फाटकापर्यंत जाईल इतक्या मोठ्यानं.

"चला, वर," वहिनी म्हणाली, आणि लादी उठली.